परिचारिकेची दुसरी परीक्षा



रुग्णालयाच्या खाटेवर पडलेला मनुष्य आपला देह ज्या व्यक्तीच्या हाती सोपवतो, ती व्यक्ती बहुधा त्याला पूर्णतः अपरिचित असते. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येऊन जातात. रात्रंदिवस उशाशी असते ती परिचारिका. कापड घेणारा ग्राहक पोत हाताने पारखतो, पन्हा मोजून घेतो आणि मनास न आल्यास दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. रुग्णाला यांपैकी काहीच शक्य नसते. सुई टोचून घेण्यापूर्वी तो प्रमाणपत्र मागत नाही, मागण्याच्या अवस्थेतही नसतो. त्याच्या वतीने ही पारख कोणीतरी आधीच करून ठेवावी लागते. परिचारिकांची नोंदणी आणि त्यासाठीची परीक्षा यांचे प्रयोजन हेच आहे.

परंतु परीक्षेने नेमके काय पारखावे, हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये १८८७ साली एथेल बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि परिचारिकांची अधिकृत नोंदवही असावी, अशी मागणी तिने लावून धरली. या मागणीला विरोध करणाऱ्यांत प्रत्यक्ष फ्लोरेन्स नाइटिंगेल होत्या. परीक्षेने विद्या मोजता येते, शील मोजता येत नाही. आणि परिचारिकेत शीलच प्रधान होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. काळाचा कौल नोंदणीच्या बाजूने पडला. न्यूझीलंडने १९०१ साली परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला, ब्रिटनने १९१९ साली. तथापि नाइटिंगेल यांचा आक्षेप त्यामुळे निकालात निघाला असे नाही. उत्तम टाके घातलेला, वेळेवर औषध देणारा हात विश्वासासही पात्र असेलच, हे कोणी सांगावे?

या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी रीत कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात आढळते. तेथे परिचारिकांचे नियमन ‘कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ऑन्टारिओ’ ही संस्था करते. नावात कॉलेज असले तरी तेथे शिकवणी होत नाही. १९६३ पासून कार्यरत असलेली ही नियामक संस्था जनतेच्या हितरक्षणासाठी आहे. रजिस्टर्ड नर्स म्हणून नोंदणी हवी असणाऱ्या उमेदवाराला शिक्षणाचा पुरावा, भाषेचे ज्ञान, चारित्र्याची पडताळणी आणि व्यावसायिक ज्ञानाची परीक्षा हे टप्पे ओलांडावे लागतात. त्याखेरीज आणखी एक परीक्षा असते. तिला ज्युरिसप्रुडन्स परीक्षा म्हणतात. नाडी, ताप, औषधाची मात्रा यांविषयी ती विचारत नाही. कायदा काय सांगतो, व्यवसायाचे मानदंड कोणते, परिचारिकेचा अधिकार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे ती विचारते. संगणकावर, कायद्याची व मानदंडांची पाने उघडी ठेवून ती देता येते. पाठांतरापेक्षा प्रसंगी योग्य पान उघडण्याची सवय तिला अभिप्रेत असावी.

या परीक्षेचा गाभा एका प्रसंगाने स्पष्ट होईल. सत्तरीची एक वृद्धा रुग्णालयात आहे. शुद्धीवर आहे, सारे समजते आहे. मुलगा परिचारिकेला बाजूला घेऊन हळूच म्हणतो, “सिस्टर, आईला कर्करोगाचे नाव कळू देऊ नका. ती खचून जाईल. कागदावर सही मी करतो.” महाराष्ट्रातील कित्येक घरांत हे संभाषण घडलेले आहे, आणि त्यामागे प्रेमच असते, हेही तितकेच खरे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झालेली आणि येथील वॉर्डांत दहा वर्षे राबलेली एखादी कन्या ऑन्टारिओत गेली, तर तिचे मन प्रथम त्या मुलाच्याच बाजूने झुकेल.

तेथील कायदा तिला थांबवतो. १९९६ च्या हेल्थ केअर कन्सेंट कायद्यानुसार, उपचाराविषयीची माहिती समजण्यास आणि निर्णयाचे परिणाम जाणण्यास जी व्यक्ती समर्थ आहे, तिची संमती तिनेच द्यावयाची असते. पुत्राच्या सहीने ती संमती होत नाही. किमान वयाची अटही त्या कायद्यात नाही. प्रश्न समजण्याच्या क्षमतेचा आहे. क्षमता नसेल तरच, कायद्याने ठरवलेल्या क्रमाने, दुसऱ्याने निर्णय घ्यावयाचा. मग परिचारिकेने आईजवळ जाऊन रोगाचे नाव सांगून टाकावे काय? तेही नाही. १९९१ च्या रेग्युलेटेड हेल्थ प्रोफेशन्स कायद्याने रुग्णास निदान कळवणे हे नियंत्रित कृत्य ठरवले आहे, आणि सामान्य नोंदणीकृत परिचारिकेस त्याचा अधिकार नाही. म्हणजे तिला रहस्य फोडताही येत नाही आणि संमतीवाचून उपचारात सहभागी होताही येत नाही. तिचा मार्ग एकच: डॉक्टरांना गाठून सांगणे की, रुग्ण समर्थ आहे, तिला अद्याप काही सांगितलेले नाही, तिची संमती घेतलेली नाही. आणि तोवर त्या वृद्धेजवळ बसून तिच्या मनात काय आहे, ते ऐकून घेणे.

अशीच आणखी कर्तव्ये आहेत. शेजारची व्यक्ती त्याच रुग्णालयात दाखल झाली, तरी जिची शुश्रूषा आपल्याकडे नाही तिची कागदपत्रे केवळ कुतूहलापोटी उघडता येत नाहीत. २००४ च्या आरोग्यविषयक गोपनीयता कायद्याने त्यास मनाई आहे. बालकाचा छळ होत असल्याचा सबळ संशय आला, तर परिचारिकेने स्वतः कळवावयाचे; वरिष्ठांना सांगितले म्हणून ती जबाबदारी सरत नाही. नोंदीत चूक झाली, तर मूळ लेखन दिसेल अशा रीतीने ती दुरुस्त करावयाची. वही लिहिणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याला या शेवटच्या नियमाचे मर्म सांगावे लागणार नाही. खाडाखोड केलेली वही जशी पेढीची पत घालवते, तशी खाडाखोड केलेली नोंद रुग्णाचा जीव धोक्यात घालते.

पुस्तक उघडे ठेवून दिलेल्या परीक्षेने कोणी सज्जन होतो काय, असे कोणी विचारील. होत नाही. नाइटिंगेल यांचा आक्षेप येथेही उरतोच. मात्र “मला ठाऊक नव्हते” ही पळवाट त्या परीक्षेने बंद होते. सज्जन परिचारिकेलाही तिचा लाभ आहे: मुलाच्या अश्रूंपुढे किंवा वरिष्ठांच्या दरडावणीपुढे उभे राहताना तिच्या हाती कायद्याचे बळ असते. परदेशातून आलेल्या उमेदवारांवर हे टप्पे जाचक ठरू नयेत, यासाठीही ऑन्टारिओने २००६ साली कायदा करून नोंदणीची प्रक्रिया पारदर्शक, वस्तुनिष्ठ, निःपक्षपाती व न्याय्य असण्याचे बंधन नियामक संस्थांवर घातले. परीक्षा घेणाऱ्यालाही परीक्षा चुकलेली नाही.

भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा १९४७ चा, महाराष्ट्राचा परिचारिका कायदा १९६६ चा. २०२३ साली संसदेने नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशन कायदा संमत केला. अभ्यासक्रमात नीतिमूल्यांचा विषय आहेच. तथापि पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला, नोंदवहीत नाव चढण्यापूर्वी, रुग्णाचे अधिकार आणि स्वतःच्या मर्यादा यांवर एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका सोडवावी लागली, तर त्यात कोणाचेच नुकसान नाही. परिचर्या महाविद्यालयांना व रुग्णालयांना साहाय्य करणाऱ्या संस्थांनी इमारत आणि यंत्रे यांबरोबर अशा एखाद्या वर्गाचाही विचार अवश्य करावा.

त्या वृद्धेला परीक्षेचे नावही ठाऊक नसते. आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला विचारून घेतला जाईल, एवढीच तिची अपेक्षा असते. ती अपेक्षा फोल ठरू नये, यासाठीच ही दुसरी परीक्षा.