शैवालाची भूक आणि तेल

पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर हिरवा थर दिसला की घरोघरी ब्लीचिंग पावडर शोधली जाते. याच हिरव्या गोतावळ्यातल्या एकपेशीय शैवालावर एक्सॉनमोबिल या तेलकंपनीने २००९ साली साठ कोटी डॉलरपर्यंत खर्च करण्याची तयारी दाखवली होती. जोडीला होते मानवी जनुकसंचाच्या वाचनामुळे गाजलेले क्रेग व्हेंटर आणि त्यांची सिंथेटिक जीनोमिक्स ही कंपनी.

एवढा भरवसा कशाच्या जोरावर? श्रोतेहो, सूक्ष्म शैवाल ऊन, पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि थोड्या खतावर वाढतं. सुपीक जमीन लागत नाही, कित्येक जातींना खारं पाणीही चालतं. काही जाती पेशीत तेलही साठवतात. शैवाल भराभर वाढतं आणि तेल साठवतं, पण ही दोन कामं सहसा एकाच वेळी करत नाही! सगळी मेख इथेच आहे. नायट्रोजन मिळतोय तोवर पेशी प्रथिनं बनवते, एकीच्या दोन होत राहते. नायट्रोजन संपला की वाढ थांबते आणि तेल साठू लागतं, दुष्काळाची चाहूल लागताच एखाद्या घराने कणगी भरून ठेवावी तसं. तेल हवं तर शैवालाला उपाशी ठेवा, आणि उपाशी ठेवलं की पीक खुंटतं. पुन्हा सांगायला हवं: उपाशी ठेवलं की पीक खुंटतं. पुढची सगळी धडपड या एका वाक्याभोवतीच फिरते.

अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेने कोलोरॅडोत १९९० च्या दशकात सरळ वाट धरली. चरबी तयार करणाऱ्या साखळीतल्या पहिल्या विकराचं जनुक त्यांनी सायक्लोटेला या शैवालात जादा घातलं. विकर वाढलं. तेल मात्र होतं तेवढंच राहिलं.

२०१७ मध्ये व्हेंटर यांच्या कंपनीतल्या संशोधकांनी उलटा प्रश्न विचारला: तेल बनायला आडकाठी कोण करतं? उपाशी ठेवलेल्या नॅनोक्लोरॉप्सिस या शैवालात कोणती जनुकं मंदावतात ते पाहून त्यांनी इतर जनुकांवर हुकमत चालवणारी वीस संशयित जनुकं निवडली. क्रिस्पर तंत्राने त्यांतली अठरा मोडून पाहिली. त्यांतलं एक मोडल्यावर पोटभर खाणाऱ्या पेशीतही तेलाकडे जाणारा कार्बन वीस टक्क्यांवरून चाळीसच्या वर गेला. पण वाढ खुरटली. मग त्यांनी ते जनुक पूर्ण बंद न करता नुसतं मंद केलं, तेव्हा कुठे वाढ फारशी न बिघडता तेल दुप्पट झालं.

अशी बातमी आली की गाड्या शैवालावर धावणार म्हणून मथळे झळकतात. मथळे देणाऱ्यांनी जरा पाटी-पेन्सिल घ्यावी! दुप्पट म्हणजे चौरस मीटरमागे दिवसाला पाच ग्रॅम. गुंठ्याला अर्धा किलो. तेही प्रयोगशाळेत. शिवाय उघड्या तळ्यात लिटरभर पाण्यात बहुधा ग्रॅमभरही कोरडं शैवाल नसतं. ते गाळायचं, त्यातलं तेल काढायचं, हा खर्च जनुकं बदलून टळत नाही. २०२३ च्या सुरुवातीला एक्सॉनने यातून अंग काढून घेतल्याचं जाहीर झालं.

सोलाझाइम या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ऊनच वगळलं. प्रोटोथेका या रंगहीन शैवालात जनुकबदल करून त्याला बंद टाक्यांत साखर खाऊ घातली आणि हवं तसं तेल मिळवलं. ब्राझीलमध्ये साखर कारखान्याला लागून प्रकल्पही उभारला. तरी इंधनात भाव जमेना, म्हणून कंपनी खाद्यतेल आणि सौंदर्यप्रसाधनांकडे वळली. २०१७ मध्ये तिचं दिवाळं निघालं. साखर उसाची, आणि ऊस पाणी किती पितो हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको.

वेळ संपत आली, आणि असं शैवाल उघड्यावर सुटलं तर काय, हा प्रश्न राहिलाच. सॅन डिएगोच्या विद्यापीठाने सरकारी परवानगीने उघड्या तळ्यांत जनुकबदल केलेलं शैवाल वाढवून पाहिलं. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ते आसपास ठेवलेल्या पाण्यात पोचलं, पण तिथल्या स्थानिक शैवालाला मागे सारू शकलं नाही. चाचणी पन्नास दिवसांची होती.