बोलिंगेन पारितोषिक : गौरव कवीचा की काव्याचा?

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



आजचा समारंभ मुलांच्या कौतुकाचा आहे. टेबलावर पुस्तके आणि करंडक मांडून ठेवलेले आहेत, आणि त्यांतले आपल्या वाट्याला काय येणार ह्या उत्सुकतेने पुढच्या सतरंजीवरील बालमंडळी केव्हाची चुळबुळ करीत आहे. अशा वेळी वक्त्याने फार लांबण लावू नये, हे आम्ही जाणतो. तथापि पारितोषिकांविषयी चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली आणि ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली. कारण बक्षीस घेणाऱ्याविषयी आपण सारेच पुष्कळ बोलतो. बक्षीस देणाऱ्याविषयी मात्र क्वचितच बोलतो. देणाऱ्याचीही एक परीक्षा असते आणि ती कधीकधी घेणाऱ्याच्या परीक्षेहून अवघड असते. ही गोष्ट अमेरिकेतील एका थोर काव्यपारितोषिकाच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसते, तितकी अन्यत्र दिसणे विरळा. म्हणून त्या ‘बोलिंगेन’ पारितोषिकाची हकीकत आज आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम नावाविषयी. बोलिंगेन हे स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवराच्या काठचे एक लहानसे खेडे. विख्यात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग ह्याने तेथे स्वतःसाठी एक दगडी मनोरा बांधला होता. पॉल मेलन हा अमेरिकन धनिक आणि त्याची पत्नी मेरी ही दोघे युंगच्या विचारांनी भारावलेली होती. त्यांनी 1945 मध्ये एक न्यास स्थापन केला आणि त्याला ह्या खेड्याचे नाव दिले. युंगचे समग्र लेखन इंग्रजीत आणण्याचे मोठे कार्य ह्या न्यासाने केले. हाइनरिक झिमर ह्या जर्मन पंडिताचा भारतीय तत्त्वज्ञानावरील ग्रंथही ह्याच न्यासाच्या मालेत 1951 मध्ये निघाला. तेव्हा आपल्या देशाच्या विद्येलाही ह्या न्यासाचा हातभार लागलेला आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

1948 मध्ये ह्या न्यासाने वॉशिंग्टन येथील ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला, म्हणजे तेथील संसदेच्या ग्रंथालयाला, दहा हजार डॉलरांची देणगी दिली. आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन कवीच्या सर्वोत्कृष्ट काव्यग्रंथाला दर वर्षी एक हजार डॉलर द्यावे आणि असे दहा वर्षे चालावे, ही योजना. निवड करण्याचे काम ग्रंथालयाशी संलग्न असलेल्या साहित्यिकांच्या सल्लागार मंडळाकडे सोपविण्यात आले. ते मंडळ चौदा-पंधरा जणांचे होते, परंतु नावे पाहिली म्हणजे मन दबून जावे! टी. एस. एलियट, डब्ल्यू. एच. ऑडन, ॲलन टेट, रॉबर्ट पेन वॉरन, कॉनरॅड एकन, लुईझ बोगन, रॉबर्ट लॉवेल, कार्ल शपिरो. एलियटला तर त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळालेले होते. देणगी उदार, संस्था राष्ट्रीय, परीक्षक थोर. मग उणे काय राहिले? उणे काहीच नव्हते, आणि तरीही पहिल्याच निर्णयाने देशभर वणवा पेटला.

20 फेब्रुवारी 1949 रोजी निर्णय जाहीर झाला. पारितोषिक एझ्रा पाउंड ह्या कवीच्या ‘पिसन कँटोज’ ह्या काव्याला मिळाले होते. आणि पाउंड त्या वेळी कोठे होता? वॉशिंग्टन शहरातच, परंतु सेंट एलिझाबेथ्स नावाच्या मनोरुग्णालयात, देशद्रोहाचा आरोप डोक्यावर घेऊन!

ह्या पाउंडविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. त्याचा जन्म 1885 चा, अमेरिकेतील आयडाहो प्रांतातला. विसाव्या शतकातील इंग्रजी कवितेला जे नवे वळण लागले त्याच्या प्रमुख शिल्पकारांत त्याची गणना होते. दुसऱ्याचे गुण ओळखून ते जगापुढे आणण्याची त्याची हौस अनिवार होती. 1912 मध्ये रवींद्रनाथ ठाकूर लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या कविता शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकाकडे उत्साहाने पाठविणारा हाच पाउंड. रवींद्रनाथांना नोबेल मिळाले ते त्याच्या पुढच्या वर्षी. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ ह्या काव्याच्या हस्तलिखितावर कात्री चालवून त्याला आजचे रूप देणाराही हाच, आणि एलियटने ते काव्य त्यालाच अर्पण केलेले आहे.

परंतु ह्याच माणसाची दुसरी बाजू काळीकुट्ट आहे. इटलीत राहून तो मुसोलिनीचा भक्त बनला. 1941 ते 1943 ह्या काळात रोमच्या नभोवाणीवरून त्याने मोबदला घेऊन भाषणे केली. त्यांत अमेरिकेच्या सरकारावर आग पाखडली आणि ज्यू लोकांविषयी असे विष ओकले की ते वाचताना आजही शिसारी येते. ज्या काळात युरोपात लक्षावधी ज्यूंचा संहार चालला होता, त्या काळातले हे शब्द आहेत, हे आपण विसरू नये. 1943 मध्ये त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. 1945 मध्ये तो पकडला गेला आणि पिसा शहराजवळच्या अमेरिकन लष्करी छावणीत, उघड्यावरच्या एका पोलादी पिंजऱ्यात, त्याला सुमारे तीन आठवडे ठेवले. पुढे त्याला तंबूत हलविले. त्या छावणीतच त्याने हे सर्ग रचले. पिसा येथे रचले म्हणून ‘पिसन’. अमेरिकेत आणल्यावर तो खटल्यास उभा राहण्याइतका मानसिकदृष्ट्या सक्षम नाही, असे ठरले आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली.

अशा माणसाच्या ग्रंथाला राष्ट्रीय ग्रंथालयाने पारितोषिक द्यावे की न द्यावे? श्रोतेहो, क्षणभर आपण स्वतःला त्या परीक्षकांच्या जागी कल्पून पाहा.

परीक्षक भोळे नव्हते. आक्षेप येणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून निर्णयाबरोबरच त्यांनी आपली भूमिकाही प्रसिद्ध केली. तिचा आशय असा की, काव्यगुणाव्यतिरिक्त इतर विचारांना निर्णयात शिरकाव करू दिला तर पारितोषिकाला अर्थच उरणार नाही आणि ज्या वस्तुनिष्ठ मूल्यबुद्धीवर सुसंस्कृत समाज उभा असतो तिलाच नकार दिल्यासारखे होईल. ही भूमिका तेजस्वी होती, ह्यात शंका नाही.

परंतु हा निर्णय एकमताचा नव्हता. कॅथरिन गॅरिसन चॅपिन ह्या कवयित्रींनी विरोधी मत दिले. पाउंडवर आरोप ठेवला गेला तेव्हा देशाचे ॲटर्नी जनरल असलेले फ्रान्सिस बिडल हे त्यांचे पती. दुसरे विरोधी मत कार्ल शपिरोचे. शपिरो स्वतः ज्यू. महायुद्धात पॅसिफिकच्या आघाडीवर सैनिक म्हणून गेलेला. त्या काळातल्या त्याच्या कवितांना 1945 चे पुलित्झर पारितोषिक मिळालेले. त्याने आपली कारणे ‘पार्टिझन रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकात उघडपणे मांडली. पहिले कारण असे की, आपण ज्यू आहोत आणि ज्यूद्वेष्ट्याचा सन्मान आपल्या हातून होणार नाही. दुसरे कारण अधिक खोल होते : कवीचे नैतिक आणि राजकीय तत्त्वज्ञान सडलेले असेल तर ती सड अखेर काव्यातही उतरते आणि काव्य म्हणूनच त्याची प्रत घसरते.

हे दुसरे कारण आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. ‘माणूस वाईट, सबब काव्य नको’ असे शपिरो तेथे म्हणत नव्हता. काव्याचीच परीक्षा करा, पण ती पुरती करा, एवढेच त्याचे म्हणणे. बहुमतातील मंडळी काव्यगुण आणि नीती ह्यांमध्ये जितकी सरळ भिंत उभी करीत होती, तितकी सरळ भिंत खरोखर असते काय? आम्हांस तशी ती दिसत नाही. शब्दात जो द्वेष मुरला आहे तो शब्दाबाहेर काढून उरलेल्या शब्दाचे मोल करता येत नाही.

इतके सभ्यपणे हा वाद चालता तर बरे झाले असते. परंतु जून 1949 मध्ये रॉबर्ट हिलियर ह्या कवीने ‘सॅटर्डे रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ ह्या साप्ताहिकात दोन जळजळीत लेख लिहिले. पाउंडवरील टीका राहिली बाजूला. एलियट आणि त्याची मित्रमंडळी, युंग, मेलनचा न्यास ह्या सर्वांनी मिळून जणू एक कट रचला आहे, असा त्याचा रोख होता. पारितोषिकाशी युंगचा संबंध केवळ एका खेड्याच्या नावापुरता! तरीही संशयाला पंख फुटले. जेकब जॅव्हिट्स ह्या लोकप्रतिनिधीने चौकशीची मागणी केली. ऑगस्ट 1949 मध्ये संसदेच्या ग्रंथालयविषयक संयुक्त समितीने ठरविले की, ह्यापुढे ग्रंथालयाने पारितोषिके देण्याच्या भानगडीतच पडू नये. ओल्याबरोबर सुकेही जळते, तसे काव्याच्या पारितोषिकाबरोबर संगीत आणि चित्रकला ह्यांतील निरुपद्रवी सन्मानही बंद पडले. उरलेले नऊ हजार डॉलर न्यासाकडे परत गेले.

आता ते पारितोषिक तेथेच मेले असते तर आश्चर्य नव्हते. पण न्यासाने ते येल विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोपविले आणि 1950 मध्ये येलने आपले पहिले पारितोषिक वॉलेस स्टीव्हन्सला दिले. पुढे जॉन क्रो रॅन्सम, मेरिॲन मूर अशी मालिका सुरू झाली. 1953 मध्ये विल्यम कार्लोस विल्यम्सला ते विभागून मिळाले. ह्याच विल्यम्सला 1952 मध्ये संसदेच्या ग्रंथालयाने काव्यविषयक सल्लागार नेमले होते. परंतु त्याच्या राजनिष्ठेविषयी संशय निघाला, चौकशी लागली आणि त्याला त्या पदावर कधी बसताच आले नाही. राजकारणाला एकदा दार उघडले की ते पाउंडसारख्याला वगळून थांबत नाही. ज्याच्या हातून कोणताही द्रोह घडला नाही अशा वृद्ध, आजारी कवीच्या दारावरही ते थाप मारते. राष्ट्रीय ग्रंथालयाने काव्यासाठी पुन्हा पारितोषिक दिले ते थेट 1990 मध्ये, म्हणजे चार दशके उलटल्यावर!

येलचा कारभार साधा आहे. तीन परीक्षकांची समिती असते. अर्ज मागवीत नाहीत. 1963 पर्यंत पारितोषिक दर वर्षी दिले जाई. त्यानंतर ते एक वर्षाआड दिले जाऊ लागले. गेल्या दोन वर्षांतील उत्कृष्ट ग्रंथासाठी किंवा जन्मभराच्या काव्यसेवेसाठी ते देता येते. 1963 चे मानकरी वयोवृद्ध रॉबर्ट फ्रॉस्ट. त्याच वर्षीच्या जानेवारीअखेर त्यांचे निधन झाले. 1973 मध्ये मेलन प्रतिष्ठानाने एक लक्ष डॉलरांचा कायम निधी दिला. आरंभीच्या हजार डॉलरांची रक्कम आता दीड लाखाच्या पुढे गेली आहे. 2001 मध्ये लुईझ ग्लिकला बोलिंगेन मिळाले, आणि 2020 मध्ये तिला नोबेल मिळाले.

पण केवळ स्तुती करणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. पहिल्या परीक्षकमंडळाची नावे आम्ही मघाशी सांगितली. ऑडनला 1954 मध्ये, बोगनबाईंना 1955 मध्ये, एकनला 1956 मध्ये, टेटला 1957 मध्ये आणि वॉरनला 1967 मध्ये हेच पारितोषिक मिळाले. ही मंडळी अपात्र होती असे कोणीही म्हणणार नाही. परंतु परीक्षक आणि मानकरी एकाच लहान वर्तुळातले असले म्हणजे कुजबुज होणारच. पाउंडच्या ऋणात असलेला एलियटच पाउंडचा परीक्षक, हीही तशीच अडचण. हिलियरचा कट खोटा होता. पण त्या खोट्याला रुजायला माती मिळाली ती ह्या घरोब्याची. आपल्यासारख्या मंडळात, जेथे परीक्षक हे कोणाचे काका आणि कोणाच्या आत्याबाई असतात, तेथे हे अधिक सांगणे नलगे!

शेवटी, आमचे मत काय? पाउंडला पारितोषिक द्यायचे नव्हते तर तसा नियम आधी करावयास हवा होता. ग्रंथ पाहू, माणूस पाहणार नाही, असे एकदा ठरविल्यावर निकाल अप्रिय लागला म्हणून नियम मोडणे हे बक्षीस देणाऱ्याला शोभत नाही. ह्या बाबतीत आम्ही बहुमताच्या बाजूचे आहो. परंतु ज्या राष्ट्रीय संस्थेचे नाव त्या पारितोषिकाला होते ती ज्यूंचीही होती, रणांगणावर पुत्र गमावलेल्या मातापित्यांचीही होती. त्यांच्या वतीने कोणीतरी ‘नाही’ म्हणणे अगत्याचे होते, आणि शपिरोने ते नाव घालून म्हटले. निर्णय बहुमताचा असो, पण विरोधी मत दडपू नये. पुढच्या पिढीला ते हवे असते.

पाउंडवरील आरोप 1958 मध्ये मागे घेण्यात आला. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत फ्रॉस्टही होता. पाउंड इटलीत परतला आणि 1972 मध्ये व्हेनिस येथे वारला. तत्पूर्वी 1967 मध्ये ॲलन गिन्सबर्ग ह्या ज्यू कवीजवळ त्याने ज्यूद्वेष ही आपली सर्वांत मोठी चूक असल्याची कबुली दिली. उशिरा का होईना, जे न्यायालयाने वदविले नाही ते त्याच्या मनाने वदविले.

आणि शपिरो? बोलिंगेनच्या पहिल्याच निर्णयाविरुद्ध मत देणाऱ्या त्या कवीला वीस वर्षांनी, 1969 मध्ये, जॉन बेरिमनबरोबर तेच बोलिंगेन पारितोषिक विभागून देण्यात आले. आणि त्यानेही ते स्वीकारले. आपल्या निर्णयाला उघड विरोध करणाऱ्याचा गुण ज्या पारितोषिकाला दिसतो, ते पारितोषिक घेण्यासारखे असते.

मुलांनो, आता टेबलावरची पुस्तके तुमची. ज्यांना मिळतील त्यांनी ती वाचावी. ज्यांना मिळणार नाहीत त्यांनी परीक्षकांना आदराने, पण निर्भयपणे, कारण विचारावे. आणि परीक्षकांनी ते सांगावे. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.