कंपनी बदला, नंबर नको

मी गिरडवरून बोलते आहे. आमच्या भागातल्या बचत गटांच्या समन्वयाचं काम मी बघते. आज हप्ते आणि हिशोब जरा बाजूला ठेवू आणि आपल्या हातातल्या मोबाईलबद्दल बोलू.

बाजाराच्या दिवशी छत्री लावून एखादा पोरगा बसलेला असतो. "ताई, आमच्या कंपनीत या, सिम फुकट, रिचार्ज स्वस्त." आपण थांबतो. थांबण्यात चूक काही नाही. २०२४ च्या जुलैत तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. घरात तीन-चार फोन असले की रिचार्ज म्हणजे दुसरा किराणाच. त्या वेळी कितीतरी लोक बीएसएनएलकडे वळले. कंपनी बदलणं हा आपला हक्क आहे. पण बदलताना काय सांभाळायचं, ते दोन अनुभवांवरून सांगते. एक माझा आणि एक आमच्या गटातल्या काकूंचा. कंपन्यांची नावं मी घेणार नाही. असं कुठेही घडू शकतं.

आधी माझं ऐका. मी त्या छत्रीखालीच नवी कंपनी घेतली. नंबर जुनाच ठेवला. बस स्टँडवर नेटवर्क एकदम फुल्ल. घरी आले तर फोन मुका! बोलायचं तर अंगणात या, पाऊस असला तर ओसरीच्या टोकाला उभ्या राहा. गटाच्या बाया म्हणायच्या, "ताई, तुमचा फोन लागतच नाई वं!" मी कस्टमर केअरला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मग गाणं. माणूस बोलायला आला की फोन कट. दुसऱ्या वेळी त्यानं सांगितलं, "फोन बंद करून चालू करा." तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "दादा, माझी तक्रार लिहून घ्या आणि मला तक्रार क्रमांक द्या." तेव्हा त्यांचा सूर बदलला. क्रमांकाचा मेसेज आला, दोन दिवसांनी त्यांचा स्वतःहून फोन आला. उत्तर मात्र एवढंच मिळालं की टॉवर लांब आहे, सध्या उपाय नाही. लगेच परत फिरावं म्हटलं, तर तेही जमेना. एका कंपनीत गेलं की ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. ते तीन महिने मी अंगणातच काढले.

चूक माझीही होती. नेटवर्क कसं आहे हे मी सिम विकणाऱ्याला विचारलं. विचारायला हवं होतं शेजारणीला. जिच्याकडे त्या कंपनीचा फोन आहे, तिला घरी चहाला बोलवा. तिचा फोन आपल्या स्वयंपाकघरात लावून बघा, वावरात नेऊन बघा. एका चहात कळतं.

आता काकूंचं. काकूंनीही त्याच छत्रीखाली सिम घेतलं, पण नवाच नंबर घेतला. जुन्या सिमवर रिचार्ज केला नाही. पुढे जुना नंबर बंद पडला. काकूंना वाटलं, बरं झालं, एक खर्च वाचला. मग लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली. केंद्रावर गेल्या, तर ओटीपी जाणार आधारला जोडलेल्या नंबरवर, म्हणजे त्या बंद नंबरवर. बँकेचे मेसेजही तिकडेच. काकू म्हणाल्या, "माये पैसे, मायं आधार, अन् मलेच दार बंद!" कापूस वेचणीचे दिवस होते. आधार केंद्राच्या आणि बँकेच्या चकरांत तीन दिवसांची मजुरी गेली.

यात एक धोका आणखी आहे. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे आपल्या खात्याचे मेसेज अनोळखी माणसाच्या हातात. म्हणून सांगते, कंपनी बदला, पण नंबर बदलू नका. बदलायचाच असेल, तर आधी आधार आणि बँकेत नवा नंबर लावा, मगच जुना सोडा.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. वही घ्या, सावकाश सांगते. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट हा शब्द लिहा, एक जागा सोडा, आपला दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० वर पाठवा. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. तो ४ दिवस चालतो. तो कोड आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. आपल्याच सर्कलमध्ये असाल तर कामाचे ३ दिवस लागतात. फी जास्तीत जास्त ६ रुपये ४६ पैसे. नवं सिम सुरू होईपर्यंत जुनं काढून फेकू नका. आणि हा कोड फोनवर मागणाऱ्या कुणालाही सांगू नका.

तक्रार असेल तर १९८ वर किंवा कंपनीच्या कस्टमर केअरवर करा. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, आणि तो तारखेसकट वहीत लिहा. उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. अपील करायला तो क्रमांक लागतो, म्हणून तो जपायचा.

ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे, त्यांनी दुकानात नेटशिवायचा, फक्त बोलण्याचा आणि मेसेजचा रिचार्ज मागून बघा. २०२५ पासून कंपन्यांना असे रिचार्ज ठेवावे लागले आहेत. आपण विचारलं नाही, तर दुकानदार सांगेलच असं नाही.

काकूंच्या प्रकारानंतर आम्ही गटाच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: सिम कोणाच्या नावावर? निम्म्याहून जास्त बायांचं सिम नवऱ्याच्या, नाही तर पोराच्या नावावर निघालं. खातं आपलं, बचत आपली, सही आपली, आणि ओटीपीची चावी दुसऱ्याच्या नावावर. तो दुसरा घरचाच आहे, मान्य. पण सिम हरवलं, तर नवं त्यालाच मिळतं. कंपनी बदलायची, तरी त्यालाच जावं लागतं. पोरगा पुण्याला कामाला असला, की मायनं काय करायचं? दोघांनी ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या दुकानात गेलं, की सिम आपल्या नावावर करून घेता येतं. आमच्या चार जणींनी केलं. पहिल्या काकूच होत्या.

तर आज एवढंच करा. जेवणं झाली, भांडी आवरली, की घरात सहज विचारा, "माया फोनचं सिम कोणाच्या नावावर आहे?" उत्तर काय मिळालं, ते पुढच्या बैठकीत आपल्या गटात सांगा.