एकाच जोडीदाराशी राहूनही

आजचा विषय जरा संकोचाचा आहे. घरात सासूबाई किंवा मुलं असतील तर आवाज थोडा कमी करा, पण रेडिओ बंद करू नका.

अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २००८ साली एक आकडा जाहीर केला. १४ ते १९ वयाच्या कृष्णवर्णीय मुलींपैकी ४८ टक्के मुलींना नेहमीच्या चार लैंगिक आजारांपैकी निदान एक होता. गोऱ्या मुलींत हेच प्रमाण होतं २० टक्के.

असं ऐकलं की लोक लगेच म्हणतात, वागणंच तसं असणार! पण एकच जोडीदार असलेल्या, नशा न करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणींनाही हा धोका जास्तच असल्याचं दिसलं. कारण तिथल्या वस्त्या अजूनही रंगाप्रमाणे वेगळ्या आहेत, लग्नंही बहुतेक आपापल्यातच. त्यात कितीतरी तरुण तुरुंगात. बाया जास्त, पुरुष कमी. मग छोट्याशा वर्तुळात आजार फिरत राहतो, आणि ‘निरोध वापर’ म्हणावं तर हा सोडून जाईल, ही धास्ती. दवाखान्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा? अलाबामात १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी डॉक्टरांनी गरमीचा आजार असलेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना नुसतं पाहत ठेवलं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. त्यांच्या काही बायकांनाही लागण झाली.

सॅन फ्रान्सिस्कोत मात्र एक चांगलं काम झालं. त्याचे निष्कर्ष १९९५ साली छापून आले. १२८ तरुण कृष्णवर्णीय स्त्रिया त्यात होत्या. काहींना एकदाच बसवून एड्सची माहिती दिली. त्याने फारसा फरक पडला नाही. काहींच्या पाच बैठका झाल्या, घेणारी त्यांच्यातलीच एक. सुरुवात आजारापासून नाही, तर कृष्णवर्णीय स्त्री असल्याच्या अभिमानापासून! मग जोडीदाराशी भांडण न करता निरोधाबद्दल कसं बोलायचं, तो नाही म्हणाला तर काय उत्तर द्यायचं, याचा चक्क नाटकासारखा सराव. या स्त्रियांच्या घरी निरोधाचा नियमित वापर वाढला. मला यातला सरावच सगळ्यात मोलाचा वाटतो.

क्लॅमिडियासारख्या आजारात बाईला बहुतेकदा काहीच जाणवत नाही. न दुखता तो गर्भनलिका खराब करतो, मूल होण्यात अडचण येते. म्हणून अमेरिकेत पंचविशीच्या आतल्या, शरीरसंबंध असलेल्या स्त्रियांना दरवर्षी तपासणी सांगतात. लघवीवरूनही कळतं, गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या मात्र दोघांनीही घ्यायच्या. तिने एकटीनेच घेतल्या, तर त्याच्याकडून तो पुन्हा तिच्याकडे येतो.