व्यवस्थापनशास्त्रातील पीएच.डी.चा पाया
(वार्षिक समारंभातील व्याख्यान)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार आहे. त्यामुळे मुलाने किंवा मुलीने व्यवस्थापनात पीएच.डी. करण्याचा विषय काढला, की वडीलधारे विचारतात, "दुकान चालवायला डॉक्टर कशाला व्हायचे?" प्रश्न रास्त आहे. दुकान चालवायला पीएच.डी. नकोच; ते गल्ल्यावर बसूनच चांगले कळते. दुकान तसेच का चालते, हे दुसऱ्याला तपासून पाहता येईल अशा पुराव्यानिशी सांगणे, हे पीएच.डी.चे काम.

आपल्या जालन्याचेच पाहा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे 'महिको' ही बियाणे कंपनी स्थापन केली; १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आता 'जालन्यातील बियाणे उद्योग : एक अभ्यास' असा विषय घेऊ नये. अशा शीर्षकांनी ग्रंथालयांची कपाटे भरली आहेत. त्यांत प्रश्नच नसतो. प्रश्न असा असावा : कंपन्या पुष्कळसे बियाणे शेतकऱ्यांच्या शेतात पिकवून घेतात. संकरित कपाशीत फुलातले पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि परागही हातानेच लावावे लागतात. प्रत्येक फुलापाशी कंपनीचा माणूस उभा राहू शकत नाही. मग बियाण्याची शुद्धता कशाने टिकते? चढ्या भावाने, तपासणीने, की जुन्या संबंधाने? याचे उत्तर आपल्या अंदाजाच्या उलटही निघू शकते. तसे निघू शकत असेल, तरच तो संशोधनाचा प्रश्न.

यानंतर पूर्वसूरींनी काय लिहिले ते वाचावे. कोणते काम संस्थेने स्वतः करावे आणि कोणते बाजारातून करून घ्यावे, हा प्रश्न रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली एका लेखात मांडला. १९९१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या शिवारातला प्रश्न त्याच घराण्यातला आहे. वाचन करायचे ते नावांची यादी जोडण्यासाठी नव्हे, तर कोणाचे कोठे पटत नाही हे शोधण्यासाठी.

माहिती कोणाकडून घ्यावी, येथे बहुतेकांची गाडी अडते. आज जे शेतकरी कंपनीचे काम करतात त्यांनाच विचारले, तर संबंध फार गोड दिसतील. ज्यांनी काम सोडले किंवा ज्यांचा माल नाकारला गेला, त्यांचे दार ठोठावल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. त्यांची नावे प्रबंधात छापू नयेत, हे त्यांना आधीच सांगावे.

आपल्या मुलांपाशी एक भांडवल आहे, ते घरात कोणी मोजत नाही. घरी दखनी, गावात मराठी, पुस्तकात इंग्रजी. परंतु 'भरोसा', 'विश्वास' आणि 'पत' हे तीन शब्द एकच नव्हेत. प्रश्नावली एकाने मराठीत करावी, दुसऱ्याने मूळ न पाहता ती पुन्हा इंग्रजीत आणावी, आणि दोन्ही ताडून पाहाव्यात.

पालकांसाठी व्यवहाराचे बोलतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ व कमाल ६ वर्षे लागतात. विद्यार्थिनींना आणखी २ वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, ही आपल्यासाठी मोठी हानी आहे. म्हणून 'नेट' परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची तयारी एम.कॉम. किंवा एम.बी.ए. करतानाच सुरू करावी. २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आहे. मुलीला ती मिळाली, तर "लग्नानंतर बघू" असे म्हणू नका. अधिछात्रवृत्ती घ्यायला मुदत असते.

विद्यार्थी मित्रांना एक काम देतो. येत्या सुट्टीत आपला प्रश्न एका ओळीत लिहा आणि मोंढ्यातल्या एखाद्या जुन्या अडत्याला वाचून दाखवा. तो म्हणेल, "यात काय, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे!" तेव्हा वही उघडून विचारा, "चाचा, तुम्हाला कसे ठाऊक?"