भाकरीचे शास्त्र आणि शास्त्रज्ञांचा शेजार

ज्वारीची भाकरी ही दख्खनच्या पठारावरील माणसाच्या नित्याच्या ताटातील वस्तू. परंतु तिचे शास्त्र नेमके कोणाचे, असा प्रश्न केल्यास त्याचे उत्तर सहजासहजी देता येत नाही. कृषितज्ज्ञ तिच्याकडे एकरी उत्पन्नाच्या दृष्टीने पाहतो. वैद्य तिच्यातील प्रथिने व जीवनसत्त्वे मोजतो. अर्थशास्त्रज्ञ ज्वारीचा भाव आणि मजुरीचा दर यांची सांगड घालतो. आणि घरातील गृहिणी पीठ विरी तर गेले नाही ना, हे परातीतच पारखून घेते. या चौघांचेही पाहणे खरे असते, पण एकट्यादुकट्याचे पाहणे अपुरे असते. शेतापासून ताटापर्यंतच्या साऱ्या व्यवहाराचा एकत्र विचार करणारी संशोधकांची बिरादरी कशी उभी राहते, हे पाहावयाचे असेल तर हैदराबादकडे वळावे. 1956 पर्यंत मराठवाडा ज्या राज्यात होता, त्या राज्याची ही राजधानी मराठी माणसास परकी नाही.

या कथेचा आरंभ मात्र हैदराबादेत झालेला नाही. 1918 साली निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी एक लहानसे केंद्र सुरू केले. त्यातूनच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा वाढीस लागली. 1937 साली डब्ल्यू. आर. अ‍ॅक्रॉइड यांच्या देखरेखीखाली तेथून भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध झाली. 1958 साली ही प्रयोगशाळा हैदराबादेत, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी आली आणि 1969 साली तिला 'राष्ट्रीय पोषण संस्था' हे नाव मिळाले. 2017 साली या संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून 528 खाद्यपदार्थांची नवी कोष्टके सिद्ध केली. कोष्टक ही दिसावयास रूक्ष वस्तू खरी. परंतु सर्वांचे माप एक असल्यावाचून सर्वांचा हिशेब जुळत नाही.

हैदराबादेत आल्यावर या शास्त्रज्ञांपुढे ज्वारीनेच एक कोडे टाकले. पेलाग्रा हा रोग मका खाणाऱ्या गरिबांचा म्हणून जगभर ओळखला जाई. उन्हाचा मारा होणारी कातडी काळवंडणे, हगवण आणि चित्तभ्रम ही त्याची लक्षणे. दख्खनमध्ये तो ज्वारीवर गुजराण करणाऱ्यांत आढळू लागला. 1960 साली सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाच्या आधिक्याकडे बोट दाखविले. पुढे इतरत्र झालेल्या सर्वच प्रयोगांतून या मताला पुष्टी मिळाली नाही. तथापि, रुग्णाच्या खाटेजवळ उद्भवलेला प्रश्न बियाण्याच्या वाणापर्यंत जाऊन भिडतो, ही गोष्ट त्यामुळे स्पष्ट झाली. डॉक्टरला आता शेतकी शास्त्रज्ञाचा शेजार हवा होता.

1972 साली हैदराबादपासून जवळच, पाटणचेरू येथे, कोरडवाहू प्रदेशांतील पिकांसाठी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिने केवळ प्रयोगक्षेत्रांवर विसंबून न राहता 1975 पासून सहा गावांचा अभ्यास आरंभिला. त्यांपैकी अवरेपल्ली व दोकूर ही दोन गावे महबूबनगर जिल्ह्यातील होती. उरलेली चार गावे महाराष्ट्रातील: सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण, व अकोला जिल्ह्यातील कानझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावातील 40 कुटुंबे निवडण्यात आली. त्यांत 10 भूमिहीन मजुरांची आणि 30 लहानमोठ्या शेतकऱ्यांची होती. गावातच मुक्काम करणारा अन्वेषक दर तीन-चार आठवड्यांनी घरोघर जाऊन पेरणी, मजुरी, कर्ज, खरेदी-विक्री यांची नोंद घेई.

या नोंदींना पुढे आहाराच्या पाहणीची जोड मिळाली. त्या कामात इक्रिसॅटचे अर्थशास्त्रज्ञ, पोषण संस्थेतील तज्ज्ञ आणि गृहविज्ञानाच्या अभ्यासक एकत्र आले. त्या काळी ज्वारीच्या प्रथिनात लायसीन कमी, तेव्हा अधिक लायसीनचे वाण काढावे, असा विचार प्रबळ होता. 1973 साली इथिओपियातील ज्वारीत तसे गुण आढळल्याने या विचारास जोर चढला होता, जरी त्या ज्वारीचा दाणा सुरकुतलेला होता. पण गावकऱ्यांच्या ताटाची पाहणी वेगळेच सांगू लागली. उणीव मुख्यतः लायसीनची नव्हती. ती उष्मांकांची होती, कॅल्शियमची होती, आणि 'अ', 'ब' व 'क' जीवनसत्त्वांची होती. म्हणजे आधी पोटभर धान्य पिकले पाहिजे आणि भाकरीच्या जोडीला पालेभाजी, दूध व फळ आले पाहिजे. एका शास्त्राने गृहीत धरलेली गोष्ट दुसऱ्या शास्त्राने गावात जाऊन तपासली, आणि पीकसुधारणेच्या उद्दिष्टांचा क्रम बदलण्यास आधार मिळाला. सामाईक संशोधनाचे फळ ते हेच.

अशा बिरादरीचा दुसरा आधार म्हणजे नोंदी कुलुपात न ठेवण्याची वृत्ती. या सहा गावांचे दप्तर जगभरच्या अभ्यासकांस खुले झाले. 1994 साली रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने अवरेपल्ली, शिरापूर व कानझरा येथील आकडे तपासून एक लक्षणीय निष्कर्ष मांडला. एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले, तरी त्याचा खाण्यापिण्याचा खर्च त्या मानाने खाली येत नाही. तो बव्हंशी साऱ्या गावाच्या खर्चाबरोबर चढतो-उतरतो. उसनवार, कर्ज आणि आप्तेष्टांची मदत यांनी आपत्ती वाटून घेतली जाते. मात्र तीनपैकी एका गावात भूमिहीनांच्या वाट्याला हे संरक्षण कमी आल्याचे दिसले. खेड्याच्या शेजारधर्माची थोरवी आणि त्याची मर्यादा, दोन्ही एकाच दप्तरात उमटली.

शास्त्रज्ञांनाही हा धडा लागू आहे. हैदराबादेत भाताची, भरडधान्यांची, पोषणाची, अशा अनेक संस्था थोड्या अंतरावर नांदतात. परंतु कुंपणाला कुंपण लागल्याने शेजार घडत नाही. त्यासाठी प्रश्न समान असावा, माप एक असावे, दप्तर खुले असावे, आणि आपले अनुमान दुसऱ्याने खोडून काढल्यास ते मानण्याचे औदार्य असावे.

आणखी एक अट आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. या बिरादरीत शिरापूरचा शेतकरी आणि कानझऱ्याची मजूर स्त्री यांचे स्थान कोणते? त्यांनी आपल्या कणगीतील धान्य, डोक्यावरील कर्ज आणि मुलांच्या ताटातील घास यांचा हिशेब वर्षानुवर्षे परक्या माणसास मोकळेपणाने सांगितला. सोलापूरकडील शेतकरी मालदांडी ज्वारीला इतका का जपतो, हे कळावयास तिच्या भाकरीची गोडी आणि जनावरांना लागणारा कडबा या दोहोंचेही मोल ठाऊक असावे लागते. आणि ते मोल प्रथम त्यालाच ठाऊक असते. तो नुसता माहितीचा विषय नव्हे, तर या शास्त्राचा भागीदार आहे. त्याच्या घरातून निघालेले ज्ञान त्याच्या भाषेत त्याच्या ओसरीपर्यंत परत पोहोचविणे हा उपकार नसून ऋणाची फेड आहे. ती फेड जेव्हा नियमाने होऊ लागेल, तेव्हाच भाकरीचे शास्त्र खऱ्या अर्थाने सर्वांचे झाले, असे म्हणता येईल.