मँचेस्टरचे बँड आणि आपला रंगमंच

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मी मघाशीच पाहिले. बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात, झुपकेदार टोप्या आणि पुढे नाचणारे वराचे मित्र उभे राहतात. सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून नाट्यसंगीतावर बोलावे, संतवाङ्मयावर बोलावे. पन्नाशी उलटलेल्या एका सरकारी नोकराने विलायती बँडवर बोलावे, हे जरा विचित्रच. परंतु आज संध्याकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे जो प्रस्ताव येणार आहे, त्याच्याशी माझ्या विषयाचा जवळचा संबंध आहे. तो कसा, ते शेवटी सांगेन. तोवर आपण मला सांभाळून घ्यावे.

२००४ सालच्या फेब्रुवारीत सरकारने मला काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी मँचेस्टरला पाठविले. त्या वेळीही माझी नेमणूक कानपुरातच होती. आपल्या या शहराला एके काळी ‘पूर्वेचे मँचेस्टर’ म्हणत, तेव्हा सहकारी थट्टेने म्हणाले, “साहेब एका मँचेस्टरहून दुसऱ्या मँचेस्टरला निघाले.” त्या थट्टेतले सत्य मला तेथे गेल्यावर कळले. कापसाच्या बंद पडलेल्या गिरण्या, लाल विटांच्या उंच भिंती आणि त्यांत नव्याने निघालेली घरे व कचेऱ्या. माझे वडील मुंबईच्या गिरणगावात वाढले. चाळीतले भजनी मंडळ आणि शाहिरांचे फड यांच्या आठवणी ते रंगून सांगत. त्यामुळे ती लाल भिंत मला परकी वाटली नाही. परकी वाटली ती तिथली संध्याकाळ. लवकर पडणारा अंधार, खोलीत एकटेपणा आणि दाराशी पाऊस.

या एकटेपणातून मला बाहेर काढले आमच्या प्रशिक्षण कचेरीतील एका कारकुनाने. त्यांचे नाव येथे घेत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. वय पन्नाशीच्या पुढे, अबोल स्वभाव, टेबलावर फायलींची निगुतीने लावलेली चळत. एका शुक्रवारी ते म्हणाले, “आज माझी मुलगी ओल्डहॅम स्ट्रीटवर वाजवते आहे. येणार का?”

ओल्डहॅम स्ट्रीटवर ‘नाइट अँड डे’ नावाचा एक कॅफे आहे. १९९१ साली तो सुरू झाला. जागा बोळासारखी अरुंद आणि लांबट. एका अंगाला पेयांचा कट्टा, टोकाला गुडघाभर उंचीचा रंगमंच. इंग्लंडात बंदिस्त जागेतील धूम्रपानावर बंदी आली ती २००७ च्या जुलैत. त्यामुळे तेव्हा आत धुराचे ढग होते. दारात एक मुलगा बसला होता. तिकीट चार पौंड, म्हणजे तेव्हाचे सव्वातीनशे रुपये. कारकुनांनी खिशातून सुटी नाणी मोजून स्वतःचे तिकीट घेतले. मी चकित झालो. बापाने मुलीचा कार्यक्रम पाहायला तिकीट काढावे? मी तसे विचारलेही. ते एवढेच म्हणाले, “घरच्या माणसाने तिकीट काढले नाही, तर परक्याने का काढावे?”

आत श्रोते किती? मी मोजले, आम्ही धरून एकोणीस. वाजविणारी मुले चार. कारकुनांची मुलगी बास गिटार वाजवीत होती. पहिला ठोका पडला आणि माझ्या छातीत धडधड झाली. ती भीतीची नव्हे. तो नाद कानांआधी बरगड्यांना ऐकू येत होता. आपल्याकडे नाशिक ढोलाच्या पथकाजवळ उभे राहिल्यावर जे होते, अगदी तेच. शब्द मला एकही कळला नाही. एक गाणे मध्येच मोडले, मुले हसली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ध्वनिमुद्रिकेत हे कधी ऐकू येत नाही. बैठकीत गवई चुकून सावरतो तेव्हा श्रोत्यांचा जीव जसा त्याच्याबरोबर खालीवर होतो, तसाच त्या एकोणीस जणांचा होत होता. परतताना मी विचारले, “संगीत कसे वाटले?” कारकून म्हणाले, “मला ते मुळीच आवडत नाही. पण मी दर वेळी येतो.”

त्यानंतर माझे शुक्रवार ठरून गेले. स्वान स्ट्रीटवरील ‘बँड ऑन द वॉल’ येथे मी जॅझ ऐकले. १९३० च्या सुमारास तेथील दारूच्या गुत्त्यात वादकांसाठी मागच्या भिंतीवर उंचावर माचा बांधला होता, म्हणून हे नाव. आर्डविकचे अपोलो हे १९३८ साली बांधलेले चित्रपटगृह. तेथे हजारोंच्या गर्दीत उभे राहून मी नामांकित मंडळींनाही ऐकले. पण खरे सांगतो, त्या मोठ्या सभागृहात मी प्रेक्षक होतो. त्या अरुंद बोळात मी सहभागी होतो.

एके दिवशी कारकुनांनी मला फ्री ट्रेड हॉलची दर्शनी भिंत दाखविली. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकार मागणाऱ्या जमावावर ज्या मैदानात घोडदळ चालून गेले, त्याच भूमीवर ही वास्तू उभी राहिली. १८५८ पासून हॅले ऑर्केस्ट्राचे हे घर. १९४० च्या बॉम्बवर्षावात ती उद्ध्वस्त झाली, १९५१ साली पुन्हा उघडली. १९९६ साली ऑर्केस्ट्रा नव्या ब्रिजवॉटर हॉलमध्ये गेला आणि मी पाहिले तेव्हा त्या जुन्या भिंतीमागे हॉटेल होत होते. याच इमारतीतील लहान सभागृहात ४ जून १९७६ रोजी ‘सेक्स पिस्टल्स’ नावाचा लंडनचा बँड वाजला. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन स्थानिक तरुणांनी तो कार्यक्रम भरविला. श्रोते मोजकेच होते. अर्धे सभागृह रिकामे असेल. पण त्या मोजक्यांतूनच पुढे ‘जॉय डिव्हिजन’, ‘द फॉल’ आणि ‘द स्मिथ्स’ या बँडांची माणसे निघाली; भरविणाऱ्यांचा ‘बझकॉक्स’ तर होताच. कारकून म्हणाले, “आता आमच्या गावात निम्मी माणसे सांगतात, त्या रात्री आम्ही तेथे होतो!” मला बोध झाला तो वेगळा. सभागृह रिकामे म्हणून कुणी त्या रात्री कार्यक्रम रद्द केला असता, तर?

आता कारकुनांचे स्वतःचे गुपित. ४ जून २००४ ला, म्हणजे पेंटेकॉस्टनंतरच्या शुक्रवारी, त्यांनी मला शहराबाहेरच्या सॅडलवर्थच्या टेकड्यांत नेले. त्या भागात या दिवशी सायंकाळी पितळी वाद्यांच्या बँडांच्या स्पर्धा होतात. ही प्रथा १८८४ पासूनची. बँड बसगाड्यांतून गावोगाव फिरतात. गावच्या रस्त्यावरून वाजवीत जायचे, मग मैदानात उभे राहून एक कवायती धून वाजवायची आणि पुढच्या गावाकडे धावायचे. परीक्षक पडद्याआड बसलेला. समोर नामांकित बँड आहे की शाळकरी पोरे, हे त्याला दिसत नाही. गिरण्यांनी आणि कोळशाच्या खाणींनी हे बँड पोसले. यॉर्कशरचा ‘ब्लॅक डाइक मिल्स’ बँड तर गिरणीच्याच नावाने १८५५ पासून प्रसिद्ध आहे. गिरण्या गेल्या, खाणी गेल्या, बँड मात्र उरले.

डेल्फ गावाच्या रस्त्यावर लाल कोट घातलेला एक बँड वळणावरून आला आणि पहिल्या रांगेत कॉर्नेट फुंकीत आमचे कारकून! कचेरीतला तो वाकलेला माणूस ताठ मानेने चालत होता. कठड्याशी त्यांची मुलगी उभी होती. मी तिला विचारले, “तुला हे संगीत आवडते?” ती हसून म्हणाली, “मुळीच नाही. पण मी दर वर्षी येते.”

बंधुभगिनींनो, त्या क्षणी मला गणपतीची मिरवणूक आठवली आणि डोळे भरून आले.

मँचेस्टरने पुढे दुःखही पाहिले. २२ मे २०१७ रोजी तेथील अरीनामध्ये संगीताच्या कार्यक्रमानंतर बॉम्बस्फोट झाला; बावीस निरपराध माणसे गेली. तीन दिवसांनी सेंट अ‍ॅन चौकात लोक स्तब्धतेसाठी जमले. मौन संपल्यावर गर्दीतील एका स्त्रीने ‘ओअ‍ॅसिस’ या त्यांच्याच गावच्या बँडचे एक गीत हळूच म्हणावयास सुरुवात केली आणि सारा चौक गाऊ लागला. ते दृश्य मी येथे कानपुरात दूरदर्शनसंचावर पाहिले. ज्या गावाने आपली गाणी लहानमोठ्या खोल्यांतून जतन केली, त्याला शोकाच्या वेळी ती उसनी आणावी लागली नाहीत.

आता मी माझ्या कबुलीकडे येतो. काही वर्षांपूर्वी या मंडळाचा कार्यवाह असताना आपल्याच सभासदांची पाच मुले माझ्याकडे आली. शनिवारी संध्याकाळी सभागृह मोकळे असते, तेथे गिटार आणि ड्रमचा सराव करू द्यावा, अशी त्यांची विनंती होती. त्यांत माझी मुलगी होती. मी नियम काढून दाखविले. शेजारी तक्रार करतील म्हणालो. ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असेही म्हणालो. मँचेस्टरात चार पौंड देऊन जे मी ऐकले, ते कानपुरात फुकट ऐकावयास मी नकार दिला! मुलांनी वाद घातला नाही. ती येईनाशी झाली, इतकेच. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आरतीही ध्वनिवर्धकावरून वाजली, कारण झांजा धरायला हात नव्हते. मुलगी आता बंगळुरूला असते. तिने गिटार विकली, हे मला तिच्या आईकडून कळले.

शेजाऱ्यांची तक्रार ही सबब खोटी नसते. त्याच ‘नाइट अँड डे’वर शेजारच्या तक्रारीवरून २०२१ साली नगरपरिषदेची नोटीस बजावली गेली आणि प्रकरण २०२४ पर्यंत न्यायालयात चालले. अशा प्रश्नांना वेळेची मर्यादा, जाड दरवाजे आणि समजूतदार बोलणी हे उपाय आहेत. कुलूप हा उपाय नव्हे.

संध्याकाळच्या प्रस्तावात आपला रंगमंच काढून सभागृह लग्नकार्यांसाठी सपाट करण्याची सूचना आहे. भाडे वाढेल, हे मान्य. हिशेब मलाही कळतो. आयुष्यभर तेच केले आहे. पण रंगमंच गेला की उरते ते मंगल कार्यालय, आणि तशी कार्यालये कानपुरात पुष्कळ आहेत. माझी विनंती एवढीच की, रंगमंच ठेवावा आणि शनिवारची संध्याकाळ तरुणांना द्यावी. भारूड म्हणोत, गझल म्हणोत की कानठळ्या बसविणारे काही वाजवोत. पहिल्या वर्षाचे शनिवारचे वीजबिल मी भरीन.

आणि कार्यक्रम ठरला की दारात तिकिटाची पेटी ठेवावी. पहिले तिकीट मी काढीन. संगीत मला आवडेल, असे आश्वासन मात्र देत नाही. पण मी दर वेळी येईन.